कठीण मांस, वाफेचा दाब आणि स्ट्यूचें भांडें

गोमांसाचा स्ट्यू हा इंग्लंड आणि अमेरिका या देशांतील थंडीच्या दिवसांतला घरगुती पदार्थ होय. मांसाचे मोठे तुकडे, कांदा, गाजर आणि बटाटा हीं सर्व दाट रश्शांत एकत्र शिजवावयाचीं, बरोबर पावाचा जाड तुकडा घ्यावयाचा, कीं सबंध कुटुंबाचें जेवण झालें. आपल्या केरळांत या शब्दाचें 'इष्टू' झालें आहे, पण तो पदार्थ निराळा. मी सांगणार आहें तो तिकडच्या स्वयंपाकघरांतला, आणि तो तेथेंच ठेवून सांगणार आहें. कारण आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं हें मांस वर्ज्य आहे, आणि महाराष्ट्रांत २०१५ सालापासून गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीस कायद्यानें बंदी आहे. त्या पदार्थामागचें शास्त्र मात्र कोणा एका देशाचें नाहीं. बोकडाच्या नळीचा रस्सा करणाऱ्या गृहिणीलाही तें तितकेंच उपयोगी पडेल.

अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या हिवाळ्यांत मला कळविलें कीं, त्यानें विजेवर चालणारा प्रेशर कुकर घेतला, शेजाऱ्यांकडून स्ट्यूची कृति लिहून घेतली, यंत्रावर वीस मिनिटांचा आंकडा लावला, आणि झांकण उघडून पाहतो तों मांस चामड्यासारखें चिवट! यंत्र परत करावें काय, असें त्यानें विचारलें होतें. मीं उत्तर लिहिलें कीं, यंत्र निर्दोष आहे; तूं मांसाची ओळख करून घेतली नाहींस.

जनावराच्या अंगांतील सगळें मांस एका जातीचें नसतें. पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंना फारसें काम पडत नाहीं. ते मऊ असतात, महाग विकले जातात, आणि तव्यावर थोडक्या मिनिटांत खाण्याजोगे होतात. उलट खांदा, मान आणि पोटऱ्या यांचे स्नायु जन्मभर राबलेले असतात. अशा स्नायूंतील तंतूंना एकत्र बांधून ठेवण्यासाठीं निसर्गानें कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचें चिवट जाळें विणलेलें असतें. हें जाळें दांतांना दाद देत नाहीं. पण पाण्याच्या सान्निध्यांत तें पुष्कळ वेळ तापत राहिलें, म्हणजे त्याचे पीळ उलगडतात आणि त्याचें जिलेटीन बनतें. सुतार लांकूड चिकटवावयास वापरीत असे तो सरस आणि हें जिलेटीन हीं सख्खीं भावंडें. चांगल्या रश्शाला ओठांना किंचित् चिकटणारा जो दाटपणा असतो, तो याचाच. म्हणून स्ट्यूसाठीं महाग मांस घेणें हा पैशाचा अपव्यय तर आहेच, शिवाय पदार्थाचीही हानि आहे. ज्यांत जाळेंच नाहीं, त्यांतून रश्शाला काय मिळणार?

येथें एक विरोध लक्षांत घेण्यासारखा आहे. उष्णतेनें स्नायूंचे तंतु आकसतात आणि आपल्यांतील रस बाहेर टाकतात. म्हणजे मांस आधीं कठीण होतें. जाळें विरघळून तें मऊ होतें तें मागाहून. वीस मिनिटांनीं झांकण उघडणारा मनुष्य या दोन अवस्थांच्या नेमका मध्यें सांपडतो. तंतु आकसून गेलेले आणि जाळें अजून तसेंच. अशा वेळीं 'फार शिजलें' असें समजून भांडें उतरविणें म्हणजे रोगावर उलटें औषध देणें होय.

साध्या पातेल्यांत मंद आंचेवर हें काम पुरें व्हावयास अडीच-तीन तास लागतात. उष्णतामान वाढविलें तर वेळ वांचेल हें खरें. पण समुद्रसपाटीला उघड्या पातेल्यांतील पाणी १०० अंश सेंटिग्रेडच्या वर चढत नाहीं. खालीं जाळ कितीही मोठा केला तरी जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते. माझ्या वर्गांतील मुलें हें वाक्य पाठ म्हणत, आणि घरीं जाऊन उकळत्या भाजीखालचा जाळ मोठा करणाऱ्या आईला कांहींच सांगत नसत.

ही अडचण प्रथम ज्यानें सोडविली तो देनी पापँ हा फ्रेंच गृहस्थ. १६४७ सालीं ब्ल्वा या गांवाच्या परिसरांत त्याचा जन्म झाला. तो वैद्यक शिकला, पॅरिसमध्यें हायगेन्सच्या हाताखालीं आणि पुढें लंडनमध्यें रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगांत त्यानें काम केलें. १६७९ सालीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आपलें यंत्र ठेवलें आणि १६८१ सालीं त्यावर पुस्तक छापलें. घट्ट झांकणाच्या जाड धातूच्या भांड्यांत वाफ कोंडली, कीं ती पाण्यावर दाब देते. आणि दाब वाढला, कीं पाणी उकळण्याचें उष्णतामानही वाढतें. एवढेंच त्यांतील तत्त्व. पण कोंडलेली वाफ भांडें फोडूं शकते, हें ओळखून पापँनें झांकणाच्या भोंकावर एक दांडी व तिला वजन लावलें. दाब मर्यादेबाहेर गेला, कीं वजन उचललें जावें व वाफ निघून जावी. आपल्या कुकरवरची शिट्टी ही त्या वजनाचीच वंशज होय.

१६८२ सालच्या एप्रिलमध्यें पापँनें सोसायटीच्या सभासदांना या भांड्यांत शिजविलेलें जेवण वाढलें. त्या पंक्तीस असलेल्या जॉन एव्हलिननें आपल्या रोजनिशींत लिहून ठेवलें आहे कीं, बैलाचीं व मेंढ्याचीं अत्यंत टणक हाडें चीजसारखीं मऊ झालीं होतीं, आणि कोळसा आपल्या मापानें पावशेरही लागला नव्हता. श्रीमंतांच्या पंक्तींत ही गंमत झाली. पापँचा हेतु मात्र निराळा होता. फेंकून दिलेल्या हाडांतून आणि स्वस्त मांसांतून गरिबांना थोड्या सरपणांत सकस अन्न मिळावें, असें त्याला वाटत होतें. १६९० सालीं त्यानें वाफेनें दट्ट्या हलविण्याची कल्पनाही प्रसिद्ध केली. वाफेचें नांव निघालें कीं आपलीं शालेय पुस्तकें वॅट आणि त्याची किटली यांची गोष्ट सांगतात. ज्यानें वाफेच्या दाबाला प्रथम स्वयंपाकाला जुंपलें, त्याची शेवटचीं वर्षें लंडनमध्यें दारिद्र्यांत गेलीं, हें त्यांत नसतें.

घरोघरीं वापरतां येईल असें भांडें निघावयास यानंतर अडीचशें वर्षें लोटलीं. १९३९ सालच्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत 'प्रेस्टो' नांवाचें भांडें लोकांनीं पाहिलें. मुंबईची हॉकिन्स कंपनी १९५९ सालची. विजेचा प्रेशर कुकर त्यानंतरचा, आणि अमेरिकेंत तो घरोघरीं पोंचविला तो २०१० सालीं कॅनडांतील रॉबर्ट वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बाजारांत आणलेल्या 'इन्स्टंट पॉट' या यंत्रानें.

आपल्या कुकरांत आणि यांत फरक असा. आपला कुकर चौरस इंचास सुमारें पंधरा पौंड इतका जादा दाब धरतो. त्यांत पाणी सुमारें १२१ अंशांवर उकळतें. विजेच्या यंत्राचा दाब बहुधा दहा ते बारा पौंड, म्हणजे उष्णतामान ११५ ते ११८ अंश. आपण शिट्ट्या मोजतों. शिट्टी हें कांहीं घड्याळ नव्हे. मोठ्या जाळावर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक जाळावर पंधरा मिनिटांत. विजेचें यंत्र शिट्टी देत नाहीं. तळाशीं असलेलें उष्णतामापक साधन भांड्याची स्थिति पाहून विजेचा प्रवाह आपोआप चालू व बंद करतें, आणि दाब पुरा झाल्यावरच मिनिटें मोजूं लागतें. त्यामुळें यंत्रावर पस्तीस मिनिटें लावलीं, तर वाफ धरावयास दहा-पंधरा मिनिटें आधीं आणि दाब उतरावयास तितकींच मागाहून, असा तासाभराचा हिशेब होतो. जाहिरातींत हा हिशेब सांगत नाहींत. तरीही अडीच तासांच्या मानानें तो तोट्याचा नाहीं, आणि यंत्राजवळ उभें राहावें लागत नाहीं हा लाभ वेगळाच.

आतां प्रत्यक्ष कृति. खांद्याचें मांस एक किलो घ्यावें. अमेरिकन खाटीक त्यास 'चक' म्हणतात. दीड इंची तुकडे करून ते फडक्यानें अगदीं कोरडे टिपावे व मीठ चोळावें. यंत्र परतण्याच्या कळीवर ठेवून दोन चमचे तेल कडकडीत तापवावें, आणि तुकडे थोडे थोडे टाकून दोन बाजूंनीं चांगले तांबूस करावे. एकदम सगळे टाकले तर भांडें निवतें, मांसाला पाणी सुटतें व तें नुसतें उकडतें. हें परतणें कशासाठीं? मांसाचा रस आंत कोंडला जातो म्हणून, अशी समजूत एकोणिसाव्या शतकांत लीबिख या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नांवामुळें रूढ झाली. ती खरी नाहीं. परतलेल्या मांसांतूनही रस सुटतोच. खरें कारण चवीचें आहे. कोरड्या पृष्ठभागाचें उष्णतामान १४० अंशांच्या आसपास गेलें, म्हणजे प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांच्या संयोगानें शेंकडों सुगंधी द्रव्यें तयार होतात. १९१२ सालीं मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें या क्रियेचें वर्णन केलें. झांकण लावल्यावर आंत उष्णतामान ११८ अंशांच्या पुढें जात नाहीं, आणि सर्वत्र पाणीच पाणी; तेथें ही क्रिया व्हावी तशी होत नाहीं. तेव्हां खमंगपणा काय तो आधींच मिळवून ठेवावयाचा.

मांस काढून त्याच तेलांत दोन कांदे व चार पाकळ्या लसूण परतावी, टोमॅटोचा आटवलेला गर दोन चमचे घालावा, आणि अर्धी वाटी पाणी घालून तळाला धरलेली खरपुडी लांकडी उलथण्यानें पूर्णपणें खरवडून घ्यावी. ही खरपुडी म्हणजे स्ट्यूची निम्मी चव. शिवाय ती तळाशीं राहिली, तर यंत्राला भांडें करपत असल्याचा संशय येतो व तें काम थांबवून इशारा देतें. पुष्कळांचा स्ट्यू येथेंच अडतो.

नंतर मांस परत घालून सर्व मिळून अर्धा लिटर पाणी किंवा हाडांचा काढा, थाइमची एक काडी व 'बे' झाडाचें एक पान घालावें. आपलें तमालपत्र दिसावयास तसेंच असलें तरी तें दुसऱ्या झाडाचें व दुसऱ्या वासाचें आहे. पाणी कमी वाटेल, पण वाढवूं नये. उघड्या पातेल्यांत पाणी आटतें; येथें थेंबभरही फारसें जात नाहीं, उलट मांसाचें पाणी त्यांत येऊन मिळतें. भांडें दोन-तृतीयांशाहून अधिक भरूं नये. जादा दाबाच्या कळीवर पस्तीस मिनिटें लावावीं.

मिनिटें संपलीं, कीं वाफ सोडण्याची घाई करूं नये. पंधरा मिनिटें यंत्र तसेंच राहूं द्यावें. वाफ एकदम सोडली, तर दाब क्षणांत उतरतो. मांसाच्या आंतलें पाणी अजून १०० अंशांच्या वर असतें, तें तेथल्या तेथें खळखळून उकळतें आणि मांसांतला उरलासुरला रस घेऊन बाहेर पडतें. तासभर कमावलेला मऊपणा असा दोन मिनिटांत दवडणारे लोक मीं पाहिले आहेत. मग झांकण उघडून तीन गाजरें व चार बटाटे, मोठ्या फोडी करून, घालावे आणि पुन्हां चार-पांच मिनिटें दाब द्यावा. प्रथमपासून घातलेल्या भाजीचा लगदा होतो. भाजीला मांसाचें वेळापत्रक लागू करूं नये. शेवटीं मक्याचें पीठ दोन चमचे थंड पाण्यांत कालवून उकळत्या रश्शांत ढवळावें. पीठ आधीं घातलें, तर तें तळाशीं बसून करपतें.

डेन्व्हरच्या विद्यार्थ्याला मात्र पस्तीस मिनिटेंही पुरणार नव्हतीं. तें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें १६०० मीटर उंचीवर आहे. तेथें हवेचा दाब कमी म्हणून उघडें पाणी ९५ अंशांच्या आंतबाहेर उकळतें. यंत्र जो दाब मोजतें तो बाहेरच्या हवेहून किती जास्त एवढाच; पायाच खालीं गेला, तर माथाही खालीं येतो, आणि आंतलें उष्णतामान तीन-चार अंशांनीं उणें पडतें. त्याला मीं चाळीस मिनिटें सांगितलीं. महाबळेश्वरीं कुकर लावणाऱ्यांनींही हा हिशेब ध्यानांत ठेवावा. बोकडाच्या नळीसाठीं हीच रीत. फक्त तुकडे लहान असतील तर पंचवीस मिनिटांनीं पाहावें.

उरलेला स्ट्यू उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावा. सकाळीं पाहिलें, तर वर चरबीचा पांढरा थर घट्ट झालेला असतो. तो चमच्यानें सहज निघतो. खालचा रस्सा थरथरणाऱ्या जेलीसारखा जमला असेल, तर खांद्याच्या मांसांतलें जाळें पुरतें विरघळलें असें समजावें. तो पातळच राहिला, तर पुढच्या खेपेस खाटकाकडे दुसरा तुकडा मागावा, किंवा यंत्रावर आणखी दहा मिनिटें लावावीं.