आपल्याला किती कळले, हे कळणे

परीक्षेच्या दालनातून बाहेर आलेल्या विद्यार्थ्यास 'पेपर कसा गेला?' असे विचारले, तर 'चांगला गेला' हे उत्तर बहुधा ठरलेले असते. निकालाच्या दिवशी गुणपत्रक निराळेच सांगते आणि मुलगा खोटे बोलला, असे घरची मंडळी समजतात. वस्तुतः तो खोटे बोललेला नसतो. आपल्याला विषय येतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. त्याला काय आले नाही, याचा हिशेब गुणपत्रकात असतो. ही समजूत कोठे चुकली, याचा हिशेब मात्र कोणीच ठेवीत नाही.

शिकत असताना आपले आकलन कोठवर पोहोचले यावर देखरेख ठेवणे आणि त्यानुसार अभ्यासाची रीत बदलणे, या क्षमतेस मानसशास्त्रात 'अधिबोधन' म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांच्या १९७९ मधील लेखानंतर ही कल्पना शिक्षणक्षेत्रात रूढ झाली. ही क्षमता विद्यार्थ्याच्या अंगी कितपत आहे, हे मोजावे कसे, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही.

इस्लामपूरसारख्या गावी या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. वाळवा तालुक्यात कासेगाव एज्युकेशन सोसायटीचे कार्य १९४५ मध्ये सुरू झाले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी इस्लामपूरजवळ राजारामनगर येथे या सोसायटीची राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था उभी राहिली. अभियांत्रिकीच्या अध्यापनाला वाहिलेले 'जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स' हे त्रैमासिक याच संस्थेकडून प्रसिद्ध होते. कसे शिकवावे याची चर्चा, तेव्हा, या मातीला परकी नाही. परंतु घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलास 'तुला हे खरेच कळले का?' असे घरी खोदून विचारणारे कोणी नसते. तो प्रश्न त्याचा त्यालाच विचारावा लागतो. विचारता आला नाही, तर कष्ट करूनही तो मागे पडतो आणि दोष बुद्धीच्या माथी मारला जातो.

हे मोजण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे प्रश्नावली. ग्रेगरी श्रॉ आणि रेन डेनिसन यांनी १९९४ मध्ये ५२ विधानांची अशी सूची तयार केली. अभ्यासापूर्वी आपण उद्दिष्ट ठरवितो का, न समजलेल्या भागाशी थांबतो का, अशा आशयाची विधाने स्वतःला कितपत लागू पडतात, हे विद्यार्थ्याने सांगावयाचे. शेकडो विद्यार्थ्यांकडून ती अल्पावधीत भरून घेता येते, हा तिचा गुण. परंतु ज्याची स्वतःवरील देखरेखच कच्ची आहे, त्यालाच 'तुझी देखरेख कशी आहे?' असे विचारण्यासारखे हे आहे. ऊस पक्व झाला की नाही, हे त्याच्या उंचीवरून वा मळेकऱ्याच्या खात्रीवरून ठरत नाही. रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून ब्रिक्स पाहावा लागतो.

स्वतःची खात्री किती फसवी असते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगाने दाखवून दिले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने तो एकदा अभ्यासून नंतर तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आपल्याला हे चांगले लक्षात राहील, असा विश्वास अधिक होता तो वाचणाऱ्यांनाच! गाईडची पाने पुनःपुन्हा डोळ्यांखालून घालणाऱ्या विद्यार्थ्याची गत हीच होते. ओळखीच्या वाटणाऱ्या मजकुरास तो आलेला मजकूर समजतो.

तेव्हा मोजावयाचे असेल, तर अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील अंतर मोजावे. समजा, वीस गुणांच्या चाचणीत दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा गुण मिळाले. पहिल्याचा अंदाज अठराचा होता, दुसऱ्याचा अकराचा. गुणपत्रकात दोघे सारखे. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र ते अगदी भिन्न. दुसऱ्याला आपली उणीव ठाऊक आहे, पहिल्याला ती दाखवून द्यावी लागेल. प्रत्येक उत्तरापुढे 'खात्री आहे' किंवा 'शंका आहे' अशी खूण करावयास सांगितली, तरी एका कागदी तक्त्यावर हे काम होते. हा अंदाज वाचून झाल्याबरोबर न घेता काही वेळाने घ्यावा. तो अधिक अचूक ठरतो, असे नेल्सन व डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखविले आहे. पुढच्या चाचणीआधी शंकेच्या जागी त्याने काय केले, हे पाहिले की नियमनाचीही परीक्षा होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनास स्थान दिले आहे. ते स्वागतार्ह आहे. परंतु येथेच एक धोका संभवतो. स्वयंमूल्यमापनालाही गुण जोडले गेले, तर विद्यार्थी खरे लिहिणार नाही, गुण देणाऱ्याला रुचेल ते लिहील. 'मला हे समजले नाही' असे लिहिणाऱ्याचा तोटा होणार असेल, तर शंका मनातच राहतील आणि सर्वांचे तक्ते सारखेच उजळ दिसतील.

म्हणून अंदाजाचा तक्ता शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांतच राहावा. निकालपत्रात त्याची नोंद नसावी. वर्गात हात वर करून 'सर, इथपर्यंत कळले, पुढचे नाही' असे सांगणारा विद्यार्थी आज मंद समजला जातो. वास्तविक आपल्या ज्ञानाची सीमा त्याने अचूक ओळखलेली असते. त्याचा तो हात खाली जाणार नाही, एवढी काळजी वर्गाने घेतली पाहिजे.