चार मिनिटांचा एक किलोमीटर

कोकणातल्या हर्णे बंदरावरून निघायचं, आसूदचा चढ चढून दापोली गाठायची, तिथून वळून पुन्हा बंदरावर यायचं आणि तशीच परत दापोलीची वाट धरायची. या दुसऱ्या फेरीच्या वाटेत कुठेतरी ४२.७५ किलोमीटर भरतील. एवढं अंतर २२ ऑगस्ट १९२० रोजी बेळगावचे फडेप्पा चौगुले बेल्जियममधल्या अँटवर्पच्या रस्त्यांवर धावले. ती ऑलिंपिकची मॅरेथॉन होती. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, क्रमांक एकोणिसावा.

आता या वेळेचा हिशेब करा. किलोमीटरला जेमतेम चार मिनिटं पडतात! तेही एकदा-दोनदा नव्हे, सलग बेचाळीस वेळा आणि वर थोडं. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपत येते. मग शरीराला चरबीवर जास्त भिस्त ठेवावी लागते आणि चरबीतून ऊर्जा निघते सावकाश. पाय शिशासारखे जड होतात. खरी शर्यत सुरू होते ती इथे.

या धावेचं मूळ पुण्यात आहे. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर उद्योगपती दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या होत्या. टाटांनी पुढाकार घेतला, पैसा उभा केला आणि गुलाम देशाचा छोटासा संघ अँटवर्पला गेला. मॅरेथॉनमध्ये चौगुल्यांबरोबर सदाशिव दातारही उतरले.

निकालाच्या यादीत चौगुल्यांच्या नावापुढे देश म्हणून भारत आहे. या एका शब्दाचं मोल कोरियाच्या सोन गी-जोंगला विचारावं. १९३६ साली बर्लिनला त्यांनी २:२९:१९ वेळ देऊन मॅरेथॉनचं सुवर्णपदक जिंकलं, पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. नाव जपानी उच्चाराचं, छातीवर झेंडा जपानचा. विजयमंचावर ते मान खाली घालून उभे राहिले आणि बक्षीस मिळालेलं ओकचं रोपटं त्यांनी छातीवरच्या झेंड्यासमोर धरलं. १९८८ मध्ये सोलच्या स्टेडियममध्ये ऑलिंपिकची ज्योत घेऊन हाच म्हातारा आनंदाने उड्या मारत आला.

कधी ओहोटीला हर्णेजवळच्या मुरुडच्या पुळणीवर, घट्ट ओल्या वाळूत, एक किलोमीटर मोजा आणि चार मिनिटांत धावून बघा. धाप लागून गुडघ्यांवर हात टेकाल, तेव्हा चौगुल्यांचे अजून एक्केचाळीस किलोमीटर उरलेले असतील.