उतरती दृष्टी आणि धनुष्याची साईट
‘धनुष्य आणि धनुर्धर’ : लेखांक ९

गेल्या लेखांकात धनुष्याचा ताण वयोमानानुसार कसा उतरवावा याचा विचार केल्यावर साहजिकच डोळ्यांचा प्रश्न पुढे येतो; कारण खांद्यातील बळ ओसरले तर दहा-पाच पौंड कमी करून काम भागते, परंतु डोळ्यातील भिंगाची लवचीकता एकदा गेली म्हणजे ती कोणत्याही व्यायामाने परत येत नाही, आणि मग जे काही साधावयाचे ते धनुष्यावर बसविलेल्या साईटकडूनच साधून घ्यावे लागते. या विषयावरील बहुतेक लिखाण अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या सोयीसाठी झालेले आहे, कारण तेथे धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम असतो आणि पहाटेच्या व सायंकाळच्या अंधूक उजेडात नेम धरण्याची पाळी पन्नाशी उलटलेल्या माणसावर वारंवार येते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने तो मार्ग बंद केला, आणि ते योग्यच झाले. मनमाडहून जवळच, येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूरच्या माळावर जे काळवीट अद्याप दिसतात ते याच कायद्याच्या आश्रयाने. तेव्हा शिकाऱ्यांचा अनुभव आपण घ्यावयाचा तो कागदाच्या लक्ष्यापुरता.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. मनमाड, नांदगाव, मालेगाव या टापूतील भिल्लांच्या तिरकामठ्याला माशी, म्हणजे साईटची नेमखूण, नसते. बांबूचा कामठा, बहुधा बांबूच्याच चिवट पट्टीची दोरी, आणि नजर फक्त सावजावर. हात किती वर न्यावयाचा हे डोळा नव्हे, सराव ठरवितो. आपल्या शाळांतून मुले ज्या ‘इंडियन राउंड’ने आरंभ करतात, त्या बांबूच्या धनुष्याचीही तीच तऱ्हा. ज्याला चष्म्यांच्या आणि भिंगांच्या खटाटोपात पडावयाचेच नाही, त्याने म्हातारपणी बिनसाईटचे धनुष्य खुशाल पत्करावे. माझी त्याला हरकत नाही, उलट थोडा हेवाच वाटतो. परंतु सत्तर मीटरांवर काळजीपूर्वक गुण मिळवावयाचे असतील तर साईट हवीच, आणि साईट म्हटली की चाळिशीनंतरची अडचण आलीच.

ती अडचण नेमकी काय, याची प्रचीती मनमाडकराला घरबसल्या घेता येईल. हात लांब करून एक आगकाडी उभी धरावी आणि तिच्या पलीकडे हडबीच्या शेंडीचा तो सुळका पाहावा. तरुण माणसाची नजर काडीवरून सुळक्यावर आणि सुळक्यावरून काडीवर इतक्या चपळाईने जाते की दोन्ही एकदमच स्पष्ट आहेत असा त्याला भास होतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाला मात्र सुळका रेखीव दिसतो, आणि काडीच्या जागी एक करडी, कडा विरलेली पट्टी. भिंगाची फुगण्याची शक्ती दहाव्या वर्षी तेरा-चौदा डायॉप्टर असते, चाळिशीत ती पाच-सहावर येते आणि साठीला जेमतेम एक उरते. हाताच्या अंतरावरील वस्तू स्पष्ट करण्यास सव्वा डायॉप्टर तरी हवा, आणि तोही क्षणभर नव्हे, बाण सुटेपर्यंत टिकावयास हवा. आता एका पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडून त्यातून तीच काडी आणि तोच सुळका पाहावा. दोन्ही स्पष्ट दिसतील, मात्र सगळे दृश्य काळोखल्यासारखे वाटेल. साईटच्या निवडीचे सारे शास्त्र या दोन प्रयोगांत सामावलेले आहे.

कारण नियम साधा आहे. डोळा दूरवर स्थिरावलेला असताना जवळच्या वस्तूचा प्रत्येक बिंदू जेवढा पसरलेला भासतो, त्या पसाऱ्याची रुंदी डोळ्याच्या बाहुलीइतकीच असते. भर दुपारी मनमाडच्या माळावर बाहुली आकसून दोन मिलिमीटरांवर येते, म्हणून त्या वेळी साईटची पीन बरी दिसते. सायंकाळी तीच बाहुली चार मिलिमीटरांपर्यंत उघडते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पीनचा चार मिलिमीटरचा पुसट गोळा होतो. दुपारी समाधानाने सराव आटोपलेला गृहस्थ पाच वाजता ‘साईट बिघडली’ म्हणून तक्रार करतो, त्याचे मूळ येथे आहे. साईट बिघडलेली नसते. उजेड उतरलेला असतो.

मग धूसर काय होऊ द्यावयाचे, लक्ष्य की माशी? बंदूकवाले माशी स्पष्ट ठेवण्याचा आग्रह धरतात, धनुर्धरांत लक्ष्य स्पष्ट ठेवण्याकडे कल अधिक. या वादात फारसे शिरण्याचे कारण नाही. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली कोरियाच्या इम डोंग-ह्युनने ७२० पैकी ६९९ गुणांचा विश्वविक्रम केला तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी ६/६० इतकी अधू होती, आणि लक्ष्याचे रंग त्याला एकमेकांत मिसळलेले दिसत. जपानचा हिरोशी यामामोतो १९८४च्या कांस्यपदकानंतर तब्बल वीस वर्षांनी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, अथेन्स येथे रौप्यपदक घेऊन गेला. या उदाहरणांवरून निघणारा निष्कर्ष असा की मध्य शोधण्यासाठी डोळ्याला रेखीव कड लागतेच असे नाही. सर्व बाजूंनी सारखीच धूसर झालेली वर्तुळे एकात एक बसविण्याचे काम तो आश्चर्यकारक अचूकतेने करतो. त्याला फसविते ते एका बाजूने विस्कटलेले चित्र.

म्हणून माझे मत असे की उतारवयात टोकदार पीन सोडून कडे वापरावे. सत्तर मीटरांवरील १२२ सेंटीमीटरच्या लक्ष्याचा तांबडा-पिवळा भाग, डोळ्यापासून ८५ सेंटीमीटरवर धरलेल्या सहा मिलिमीटरच्या कड्यात जवळजवळ काटेकोर मावतो. कडे सात-आठ मिलिमीटरचे घेतले तर भोवती निळ्याची एक किनार उरते, आणि कड्याची कड कितीही विरली तरी ती किनार सगळीकडे सारखी आहे की नाही हे कळते. बारीक पीनची गोष्ट निराळी. दुकानदार बारीक पीन अधिक अचूक म्हणून पुढे करतो, आणि तरुणासाठी ते खरेही आहे, कारण पाऊण मीटरवरील अर्ध्या मिलिमीटरची पीन पन्नास मीटरांवर सुमारे सव्वातीन सेंटीमीटर झाकते, तर पाऊण मिलिमीटरची झाकते पाच. परंतु ज्याला ती चार मिलिमीटरचा गोळा म्हणूनच दिसणार, त्याने बारकाईसाठी पैसे मोजण्यात हशील नाही. शिकारी साईटवर तीन किंवा पाच पिना एकाखाली एक असतात. धूसर नजरेला त्यांची एकच रांगोळी दिसते आणि वीस मीटरची पीन समजून तिसाची लावली जाते. अशा माणसाला एकच सरकती पीन बरी.

रंगाचा प्रश्नही किरकोळ नाही. लांब पाहणाऱ्या डोळ्यात जवळच्या पीनची प्रतिमा नेत्रपटलाच्या मागे पडते, आणि हिरवा प्रकाश तांबड्याच्या मानाने पुढे एकवटत असल्यामुळे हिरवी पीन तांबडीपेक्षा रेखीव भासते. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश प्रकाशच पटलापर्यंत पोहोचतो, तेव्हा प्रकाश गोळा करणारा फायबर उपयोगी पडतो खरा. परंतु मोतीबिंदूची सुरुवात असेल तर तीच चकाकी ताऱ्यासारखी फाकते, आणि मग फायबरवर काळी पट्टी गुंडाळून तो मंद करावा लागतो.

कंपाउंड धनुष्यवाल्यांची सोय पुष्कळ अधिक आहे. २०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले, ओजसने तर अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. त्या प्रकारात साईटवर भिंग आणि दोरीत पीप, म्हणजे ते टाचणीचे भोक, दोन्हींची मुभा असते. पीप बाहुलीहून लहान असेल तरच तिचा गुण येतो. शिकाऱ्यांची सहा मिलिमीटरची पीप केवळ डोळा जागेवर आणते, दृश्य स्पष्ट करीत नाही. आणि दीड मिलिमीटरची पीप दुपारी अमृतासारखी वाटली तरी सायंकाळी अंधारकोठडी होते. त्यामुळे छिद्र बदलता येणारी पीप घ्यावी, थोडे पैसे अधिक पडले तरी. पीपमध्ये भिंगही बसविता येते, पण त्याचे दोन परस्परविरुद्ध प्रकार आहेत. साईटवर भिंग नसेल आणि पीन धूसर असेल तर अधिक नंबराचे, ज्याला व्हेरिफायर म्हणतात. साईटवर भिंग असून लक्ष्य धूसर असेल तर उणे नंबराचे, म्हणजे क्लॅरिफायर. उलटे बसले की दोन्ही बिघडतात.

फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव ज्या रिकर्व्ह प्रकारात दोन ऑलिंपिक खेळला, त्यात धनुष्यावर भिंग वा पीप चालत नाही. तेथे उपाय चष्म्याचाच, आणि चष्म्याविषयी आपल्या लोकांत भलताच अनास्थेचा शिरस्ता आहे. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात चष्म्याचे महत्त्व सांगावे लागू नये, कारण गाडी चालविणाऱ्यांची नेत्रपरीक्षा वय वाढेल तशी अधिक वारंवार होते हे येथे घरोघर ठाऊक आहे. तक्त्यावरील ६/६ चे अक्षर डोळ्याशी पाच कलांचा कोन करते आणि सत्तर मीटरांवरील दहाचे वर्तुळ सहा कलांचा. म्हणजे दूरचा नंबर नीट असेल तर लक्ष्य स्पष्ट दिसण्यात अडचण नाही. परंतु प्रोग्रेसिव्ह काच घालून नेम धरू नये. उजव्या हाताचा धनुर्धर मान डावीकडे वळवितो आणि उजव्या काचेच्या नाकाकडील वरच्या कोपऱ्यातून पाहतो. त्या काचेत कडेच्या भागातून दृश्य वाकडेतिकडे दिसण्याचा संभव असतो. नेमबाजीसाठी एकाच नंबराचा वेगळा चष्मा करावा, मोठ्या फ्रेमचा, आणि चष्मेवाल्यासमोर नेम धरल्याच्या पवित्र्यात उभे राहून काचेचा मध्य तेथे आणवून घ्यावा. दूरच्या नंबरात अर्धा डायॉप्टर अधिक घातला तर लक्ष्य किंचित मऊ होते आणि साईट बरीच सुधारते. तो घालावा की नाही हे दुकानातच, चाचणीची काच लावून, समोरच्या रस्त्यावरील पाटी आणि हातातील साईट आलटून पालटून पाहून ठरवावे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर साईटची खरेदी तूर्त लांबणीवर टाकावी. आत बसविलेल्या साध्या भिंगाला जवळ-दूर जुळवून घेण्याची शक्ती मुळीच नसते. ते ज्या अंतरासाठी बसेल ते अंतर कायम. आपण धनुष्य चालवितो, कोणत्या डोळ्याने नेम धरतो आणि साईट डोळ्यापासून किती सेंटीमीटरवर असते, हा तपशील डॉक्टरांना शस्त्रक्रियेपूर्वी कागदावर लिहून द्यावा. शस्त्रक्रियेनंतर प्रधान डोळा बदललेला आढळण्याचाही संभव असतो, म्हणून पहिल्या दिवशी बाण न लावता, नुसते बोट लक्ष्यावर रोखून एकेक डोळा मिटून पाहावा. तो खरोखरच बदलला असेल तर काय करावयाचे, दुसरा डोळा झाकावयाचा की हात बदलावयाचा, हा पुढील लेखांकाचा विषय.