पापळच्या देशमुखांची शेती



मागच्या महिन्यात एका ताईचा फोन आला होता, दर्यापूरकडची होती. तिनं एका दमात दोन गोष्टी विचारल्या. पंजाबराव देशमुखांच्या घरी एवढी मोठी जमीनदारी होती का, की त्यांना पोराला थेट विलायतेत धाडता आलं? आणि लगेच दुसरं, "भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागून राह्यला, करू का?" त्या दिवशी वेळ संपली होती, म्हणून दुसरं उत्तर राहून गेलं. आज दोन्ही प्रश्न घेते.

आधी देशमुखीचं बोलू. देशमुख हे मुळात आडनाव नव्हे, हुद्दा. परगण्याचा वसूल गोळा करायचा तो देशमुख आणि हिशेब लिहायचा तो देशपांडे. हे वतन बापाकडून लेकाकडे जायचं. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. पुढे जमिनीची मोजणी झाली आणि इथे मुंबई इलाख्यासारखी रयतवारी आली. म्हणजे जो वावर कसतो त्याच्या नावानं खातं, आणि सारा त्यानं थेट सरकारात भरायचा. तिकडे वर्धा नदी ओलांडली की नागपूर-वर्ध्याकडे मालगुजारी होती, तिथे गावच्या गाव एका मालगुजाराकडे असायचं. आपल्याकडे तसं झालं नाही. देशमुखांचा हुद्दा गेला, आडनाव राहिलं. वाट्याला आली ती स्वतःची शेती, कोणाची जास्त, कोणाची थोडी. म्हणून देशमुख म्हटलं की मोठा वाडा आणि मोठा जमीनदार असं डोळ्यांपुढे आणू नका.

पापळ हे नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं गाव. शामराव आणि राधाबाई देशमुख यांच्या पोटी 27 डिसेंबर 1898 रोजी पंजाबराव जन्मले. या घराण्याचं मूळ आडनाव कदम. घर शेतकऱ्याचं. पंजाबराव अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात शिकले, पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि 1920 मध्ये विलायतेला निघाले. त्यासाठी शामरावांनी शेती गहाण ठेवली. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. साठलेल्या धनावर पोरगा गेला नाही, गहाणाच्या पैशावर गेला. कापसाच्या मुलखात वावर गहाण पडणं नवं नव्हतं. लग्नापायी, तेराव्यापायी, कोर्टकचेरीपायी पडायचं. शिक्षणापायी पाडणारा माणूस त्या काळी विरळाच.

आता एक बारीक गोष्ट सांगते. त्या वेळच्या हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाची जमीन फक्त पुरुषांची धरली जायची. बाप, लेक, नातू हेच हिस्सेदार. त्यातला कर्ता घराच्या गरजेसाठी जमीन गहाण टाकू शकत होता. बायकोची सही लागत नसे, कारण तिचं तिथे नावच नव्हतं. तिला अन्नवस्त्राचा हक्क होता, तेवढाच. निंदणं तिचं, वेचणी तिची, सरकी-ढेपेचं बघणंही तिचं. वावर मात्र तिच्या नावावर नाही.

पंजाबराव पोचले ते एडिंबरा इथे, स्कॉटलंडमध्ये. तिथे त्यांनी संस्कृत घेऊन एम.ए. केलं, वॅन्स डनलॉप नावाची शिष्यवृत्ती मिळवली, पुढे बॅरिस्टर झाले. वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली. आपल्या मुलखातला शेतकऱ्याचा पोरगा संस्कृत शिकायला स्कॉटलंडला जातो, याची मला अजून गंमत वाटते.

स्कॉटलंड हा खऱ्या मोठ्या जमीनदारांचा देश. तिकडे त्यांना लेअर्ड म्हणतात. डोंगरच्या डोंगर एकाच्या नावावर. एकोणिसाव्या शतकात त्यातल्या काहींनी मेंढरं पाळण्यासाठी कुळांची गावं उठवली, आणि ती माणसं जहाजानं कॅनडाला गेली. जमीन एवढी मोठी राहायची कशी? मृत्युपत्र नसलं की सगळी थोरल्या मुलाला जायची. धाकट्यांना त्यात वाटा नाही, आणि मुलगा असताना मुलीला तर नाहीच. विधवेला तिसऱ्या हिश्श्याचं उत्पन्न मिळायचं, तेही हयात असेपर्यंत. हा थोरल्याचा नियम तिथे 1964 च्या कायद्यानं गेला. म्हणजे विलायतेतली बाई आपल्यापेक्षा फार पुढे होती असं समजू नका. आपल्याकडे भावाभावांत तुकडे व्हायचे, तिकडे तेही नाही. बाई दोन्हीकडे बाहेर.

1926 ला पंजाबराव परतले, अमरावतीत वकिली सुरू केली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचं लग्न झालं, मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी. मुलगी सोनार समाजातली. शंभर वर्षांपूर्वी देशमुखाच्या घरात परजातीची सून आली, हे आजच्या काही घरांनाही ऐकवायला हरकत नाही. लग्नानंतर विमलाबाई बी.ए. झाल्या, कायद्याची पदवी घेतली. पुढे त्या राज्यसभेवर गेल्या. सासऱ्यांनी शेती गहाण टाकून मुलगा शिकवला आणि सून लग्नानंतर वकील झाली. मला या घराण्याची खरी मिळकत हीच वाटते.

पंजाबराव 1928 मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. 1930 ला मध्यप्रांताच्या मंत्रिमंडळात गेले, शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे आली. तेव्हा जगभर मंदी होती, कापसाचे भाव कोसळले होते आणि वावरं सावकाराकडे चालली होती. 1933 साली मध्यप्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला, त्यामागे पंजाबरावांचा जोर होता. सावकार आणि शेतकरी यांना लवादापुढे बसवायचं आणि कर्ज फेडता येईल एवढं खाली आणायचं, असा तो मार्ग. ज्याच्या शिक्षणापायी घरची शेती गहाण पडली, त्याला व्याज काय असतं हे पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. शिवाजी शिक्षण संस्थाही त्याच सुमाराची. पुढे दिल्लीत 1952 ते 1962 शेतीखातं त्यांनी सांभाळलं, आणि 10 एप्रिल 1965 रोजी ते गेले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ते 1969 मध्ये सुरू झालं, त्याआधी अकोल्यात त्यासाठी मोठं आंदोलन झालं होतं.

इथे एक घोटाळा दूर करते. 1937 च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याला 'देशमुख कायदा' म्हणतात, आणि बरेच जण तो पंजाबरावांच्या खाती जमा करतात. तो मुंबईचे डॉक्टर गोपाळ विनायक देशमुख यांचा. त्यानं विधवेला मुलाइतका वाटा दिला, पण हयातीपुरता. आणि शेतजमिनीला तो आधी लागूच नव्हता! आपल्या बायांकडे दुसरं काय होतं?

1956 ला हिंदू वारसा कायदा आला, बाईची मिळकत पूर्ण तिची झाली. 1994 ला महाराष्ट्रानं आणि 2005 ला केंद्रानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं मुलाएवढा हिस्सा दिला. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल, तर ती मोडत नाही.

आता ताई, तुमची सही. हक्कसोडपत्र म्हणजे भावाला दिलेला आशीर्वाद नव्हे, तो दस्त आहे. दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदला की मागे फिरायला दिवाणी कोर्टच उरतं. सही करायचीच असेल तर खुशाल करा, हक्क तुमचा आहे आणि सोडायचा अधिकारही तुमचाच. पण आधी सातबारा आणि आठ-अ काढून आणा, एकूण जमीन किती, विहीर कोणत्या गटात, बोजा किती, ते बघा. कोऱ्या स्टँपवर सही करू नका. वारस-फेरफाराची नोटीस आली की हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ती चुलीत घालू नका. भावाला सांगा, आठ दिवस दे, वाचून सांगते. ज्याचं मन साफ आहे तो आठ दिवस थांबतो.

कागद वाचायला कोणी नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. जाताना आधार कार्ड, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि सातबारा सोबत ठेवा.