मंदगतीचा प्रवास

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात कुस्को नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंच आहे. तेथील विरळ हवेत नवागतास धाप लागते. म्हणून सुज्ञ प्रवासी प्रारंभी मंद चालतात. लहान मंडळींत तर अशक्ताची गती तीच सर्वांची गती ठरावी.

हे तत्त्व आम्हां नांदगावकर सहाजणांस मनमाडजवळील अंकाई किल्ल्यावर पटले. पायथ्याची जैन लेणी पाहून चढू लागलो, तोच माझे गुडघे थकले. “तुम्ही पुढे व्हा,” मी म्हणालो. थोरला नातू पायरीवरच बसला. “आजोबा, अगस्तींसाठी विंध्य वाकला, आम्ही घटकाभर थांबू नये काय?”

माथ्यावरील अगस्तिमुनींच्या स्थानी सहाहीजण बरोबरच पोहोचलो. वाचकहो, घरातील वृद्धांस मागे ठेवून यात्रेस निघू नका. थोडे सावकाश चाला, इतकेच.