ओल्या वाळूतला ओमोफ्रॉन

उरणकरांना वाळू म्हटलं की पिरवाडीचा किनारा आठवतो. ओमोफ्रॉन हा भुंगेरा मात्र तिथे शोधू नये. वाळूत राहतो म्हणजे समुद्रकाठी असणारच, हा पहिला गैरसमज. त्याला गोड्या पाण्याची कड लागते, आणि तीही झाडोरा नसलेली, बारीक, ओली. उरण परिसरात शोध घ्यायचा तर पाताळगंगेच्या वरच्या पट्ट्यात, भरतीचं पाणी पोहोचत नाही तिथे, किंवा शहराला पाणी देणाऱ्या रानसई धरणाच्या काठी वाळू असेल तिथे घ्यावा.

पाहणारे त्याला हमखास लेडीबर्ड समजतात. पाच ते आठ मिलिमीटरचं गोल, फुगीर अंग, पिवळसर रंगावर हिरवट चमकीची गडद नक्षी. चूक होणं स्वाभाविक आहे. पण लेडीबर्डच्या मिशा आखूड आणि टोकाशी जाड, याच्या लांब, धाग्यासारख्या. ती दिवसा झाडावर फिरते, हा रात्री वाळूवर धावतो. हा कॅराबिडी कुळातला, म्हणजे जमिनीवर शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी. लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1802 मध्ये ओमोफ्रॉन ही प्रजाती वेगळी केली. तिच्यातल्या साठाहून अधिक जाती आज माहीत आहेत आणि त्यांतल्या काही भारतातही आढळतात.

भुंगेरा म्हणजे पिकाचा शत्रू, हेही सरसकट खरं नाही. हुमणी आणि नारळाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा यांनी सगळ्या जमातीचं नाव खराब केलं आहे. ओमोफ्रॉन पाण्याच्या कडेचे बारीक किडे खातो. अमेरिकेत त्याने मक्याची कोवळी रोपं कुरतडल्याच्या नोंदी आहेत, पण त्याचं मुख्य अन्न शिकारच.

सर्वांत मोठा गैरसमज वाळूबद्दलचा आहे. दुपारी काठावर काही हलत नाही, म्हणून आपण ती रिकामी समजतो. खरं तर भुंगेरे तेव्हा ओल्या वाळूत पुरून बसलेले असतात. कीटक अभ्यासक काठावर ओंजळीने पाणी शिंपडतात. बिळात पाणी शिरलं की भुंगेरे वर येऊन पळू लागतात. एखादा हातात धरला तर तो अंगाचे भाग घासून बारीक चिरचिर आवाजही करतो. त्याच्या अळ्याही याच वाळूत बीळ करून शिकार करतात आणि कोषही जमिनीतच होतो. काठाची ओली वाळू उपसली की सगळ्या पिढ्या एकदम जातात. पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरण मंजुरी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बजावलं आहे.