नाव मोठे, अर्थ खोटा!

माणसाचे नाव शब्दकोशात जाणे हा खरे तर मोठाच बहुमान. विजेच्या दिव्यावर जेम्स वॅटचे नाव असते, तर दुधाच्या पिशवीवरील ‘पाश्चराइज्ड’ या शब्दात लुई पाश्चर अमर झालेला असतो. पण सर्वांच्याच नशिबी हे भाग्य येत नाही. इंग्रजीत असे काही शब्द आहेत, की ज्यांच्या मुळाशी एखादा थोर विद्वान, एखादी संत स्त्री किंवा एखादे पवित्र स्थान आहे. अर्थ मात्र नेमका उलटा! भाषेने त्यांना अमर केले खरे, पण बदनाम करून.

‘डन्स’ हा शब्द पाहा. वर्गातील ‘ढ’ विद्यार्थ्यासाठी इंग्रजीत तो वापरतात. एकोणिसाव्या शतकातील शाळांत अशा मुलाच्या डोक्यावर कागदाची उंच, निमुळती टोपी चढवून त्याला कोपऱ्यात उभे करीत. ती ‘डन्स कॅप’. परंतु ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो जॉन डन्स स्कोटस मध्ययुगीन युरोपातील अत्यंत कुशाग्र तत्त्वज्ञांपैकी एक होता. स्कॉटलंडमधील डन्स या गावावरून त्याला हे नाव मिळाले. ऑक्सफर्ड आणि पॅरिस येथे त्याने अध्यापन केले. त्याच्या तर्काची धार अशी, की ‘सूक्ष्म बुद्धीचा आचार्य’ अशी पदवीच त्याला मिळाली. १३०८ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे त्याचे निधन झाले. पुढे सोळाव्या शतकात नव्या विद्येचे वारे वाहू लागले. जुन्या परंपरेला चिकटून राहिलेल्या त्याच्या अनुयायांना नवमतवादी ‘डन्समेन’ किंवा ‘डन्स’ म्हणून हिणवू लागले. प्रथम ‘शब्दांचा कीस काढणारा’, मग ‘नवे शिकण्यास नकार देणारा’ आणि शेवटी ‘शिकण्याची कुवतच नसलेला’ अशी या अर्थाची घसरण झाली. वाद हरला तो अनुयायांनी. शिक्का बसला तो दोन शतकांपूर्वी दिवंगत झालेल्या गुरूवर! १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच्या धन्यत्वावर शिक्कामोर्तब केले. शब्दाचा अर्थ मात्र बदलला नाही.

भडक पण हलक्या प्रतीच्या वस्तूला इंग्रजीत ‘टॉड्री’ म्हणतात. त्यामागे सातव्या शतकातील संत एथेलड्रेडा आहे. राजकन्या आणि पुढे राणी असलेल्या या स्त्रीने ऐश्वर्याचा त्याग करून इंग्लंडमधील ईली येथे मठ स्थापन केला. ६७९ मध्ये गळ्याला गाठ येऊन तिचा मृत्यू झाला. तारुण्यात गळ्यात हार मिरविल्याची ही शिक्षा आहे, असे ती मानीत असे, अशी आख्यायिका आहे. तिच्या नावाचे लोकांच्या तोंडी ‘ऑड्री’ झाले. तिच्या स्मरणार्थ ईली येथे जत्रा भरू लागली आणि तीत गळ्यात बांधण्याच्या रेशमी फिती विकल्या जाऊ लागल्या. ‘सेंट ऑड्री’ हे शब्द भरभर उच्चारताना ‘सेंट’मधील ‘ट’ पुढच्या नावाला चिकटला आणि ‘टॉड्री’ तयार झाले. काळाच्या ओघात फितींचा दर्जा घसरला, तसा शब्दही घसरला. जिने दागिन्यांचा मोह हे पाप मानले, तिचेच नाव जत्रेतल्या सवंग शृंगाराला चिकटावे, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

‘मॉडलिन’ म्हणजे उगाचच गळे काढणारा, विशेषतः मद्याच्या अमलाखाली रडणारा. हे मेरी मॅग्डालिनच्या नावाचे जुने इंग्रजी रूप. जुन्या चित्रांत ती पश्चात्तापाचे अश्रू ढाळताना दाखवीत. त्या अश्रूंतील पश्चात्ताप पुसला गेला आणि केवळ रडणे उरले. ऑक्सफर्डमधील मॅग्डालिन कॉलेजचा उच्चार आजही ‘मॉडलिन’ असाच करतात.

गोंधळ, कोलाहल या अर्थाच्या ‘बेडलम’ची कथा अधिक विषण्ण करणारी आहे. येशू ख्रिस्ताचे जन्मस्थान बेथलेहेम. त्याच्या नावाने १२४७ मध्ये लंडनमध्ये एक धर्मसंस्था स्थापन झाली. पुढे तेथे मनोरुग्णांना ठेवले जाऊ लागले आणि ‘बेथलेहेम’चे ‘बेडलम’ झाले. सतराव्या-अठराव्या शतकांत साखळदंडांनी जखडलेले रुग्ण पाहण्यासाठी लोक पैसे मोजून तेथे जात. ज्यांच्या यातनांचा तमाशा झाला, त्यांचा आक्रोश भाषेने ‘गोंधळ’ म्हणून नोंदविला. स्थलांतरे होत होत ते रुग्णालय आजही लंडनमध्ये कार्यरत आहे.

आणि ‘गिलोटिन’? डॉ. जोसेफ गिलोटिन या फ्रेंच वैद्याचा देहदंडालाच विरोध होता. तो रद्द होत नसेल, तर निदान गरीब-श्रीमंत सर्वांना सारखाच आणि कमीत कमी वेदना देणारा असावा, असा त्यांचा आग्रह होता. १७८९ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत तसा प्रस्ताव मांडला. यंत्राचा आराखडा केला तो डॉ. अंत्वान लुई यांनी. ते बनविले टोबियास श्मिट या वाद्ये बनविणाऱ्या जर्मन कारागिराने. नाव मात्र गिलोटिन यांचे लागले. त्यांचा अंत त्याच यंत्राखाली झाला, ही समजूतही चुकीची आहे. १८१४ मध्ये त्यांना नैसर्गिक मृत्यू आला. फ्रान्सने १९८१ मध्ये देहदंड रद्द केला. शब्द मात्र आपल्या लोकसभेतही ऐकू येतो. अर्थसंकल्पातील ज्या मागण्यांवर चर्चा झालेली नसते, त्या ठरल्या वेळी एकत्रितपणे मतास टाकल्या जातात, त्याला ‘गिलोटिन’च म्हणतात.

हा दोष एकट्या इंग्रजीचा नव्हे. सम्राट अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय’, म्हणजे देवांचा लाडका, म्हणवितो. त्याच्या लेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यातही सापडले आहेत. पण पुढील काळातील संस्कृत व्याकरणकारांनी या शब्दाचा अर्थ दिला ‘मूर्ख’! त्याच लेखांत ‘पाषंड’ हा शब्द कोणत्याही धर्मपंथासाठी येतो. त्याचेच ‘पाखंड’ आज मराठीत ढोंगाला उद्देशून वापरले जाते. देवर्षी नारदाला तर आपण ‘कळीचा नारद’ करून टाकलेच आहे.

शब्दकोश हे न्यायालय नव्हे. लोक शब्द कसा वापरतात, एवढेच तो नोंदवितो. तो वापर मात्र अनेकदा जिंकलेल्या पक्षाने, बाजाराने किंवा बघ्यांच्या गर्दीने ठरविलेला असतो. ज्यांच्याविषयी बोलले गेले, त्यांना तेथे आपली बाजू मांडता येत नाही. व्युत्पत्तीचा अभ्यास ती बाजू थोडीफार ऐकवतो. त्याने ‘डन्स’चा अर्थ बदलणार नाही; पण एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हणण्यापूर्वी जीभ क्षणभर अडखळली, तरी जॉन डन्स स्कोटसला उशिरा का होईना, थोडा न्याय मिळेल.